उजेडवर्गाचं टपाल

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता माझा नवरा ऑफिसमधून घरी परत आला. पाच वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. गळ्यात ओळखपत्र नाही, खांद्यावर लॅपटॉपची बॅग नाही, आणि बाहेर अमेरिकेतल्या शुगर लँडचं ऑगस्टचं ऊन रणरणत असताना याचे हात मात्र गार. मी कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही गं. बस इथे," धम्मदीप म्हणाला.

मी बसले नाही. वाईट बातमी उभ्याने ऐकली की लवकर संपते, अशी माझी एक खुळी समजूत आहे.

"कंपनीचे रिपोर्ट बाहेर गेलेत. पाइपलाइन कुठे गंजलीय, कुठे कमजोर आहे, ते सगळं कॉन्फिडेन्शियल. मार्चपासून दर मंगळवारी एक कॉपी बाहेरच्या ईमेलवर जातेय."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मग मात्र मी बसले.

शुक्रवारी दहा वाजता चौकशी होती आणि तोवर सक्तीची रजा. आम्ही इथे त्याच्या वर्क व्हिसावर राहतो. नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी मिळाली नाही की सामान बांधायचं. आणि चोरीचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला साठ दिवसांत दारात कोण उभं करणार? आमची सई दहा वर्षांची आहे. तिला नागपूर म्हणजे फक्त आजीकडचे डास आठवतात. शाळेला सुट्टी होती, ती वरून ओरडली, "डॅड, व्हाय आर यू होम?"

"तू केलंस का?" मी विचारलं. हा प्रश्न विचारल्याची मला अजून लाज वाटते.

"नाही," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

२

या सगळ्याचं मूळ म्हणजे उजेडवर्ग डॉट कॉम. घरात मी त्याला सवत म्हणते.

नागपूरला आमच्या वस्तीत ईश्वर सर संगणकाचा वर्ग चालवायचे. फी नावापुरती, बारा जुनी मशीन, इंटरनेटचा पत्ता नाही. पण सरांची शिस्त कडक. फॉर्म भरायला शिकायचं तर पूर्ण भरायचा, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. ईमेलच्या रकान्यासाठी सरांनी एक पत्ता मनानेच बनवला: नमुना ॲट उजेडवर्ग डॉट कॉम. असं नाव तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

सरांच्या नोट्स इतक्या सोप्या होत्या की त्यांच्या झेरॉक्स पुण्याला गेल्या, तिथून हैदराबादला. सरांना कधी न पाहिलेली हजारो पोरं त्यावर प्रोग्रामिंग शिकली आणि अमेरिकेत आली. प्रोग्राममध्ये खोटा पत्ता टाकायची वेळ आली की त्यांची बोटं आपोआप तेच टाइप करायची. आज काढू, उद्या काढू म्हणत तो पत्ता तसाच राहून जायचा.

२०१७ साली सर गेले. धम्मदीप तेव्हा पुण्यात नोकरीला होता. ते नाव अजून कुणी घेतलेलं नाही हे पाहून त्याने ते विकत घेतलं. सरांचा फोटो आणि नोट्स तिथे लावल्या. सरांच्या पत्नी रत्नाबाई नातवाच्या फोनवर तो फोटो उघडून बघतात. सगळं छान.

आणि पहिल्याच आठवड्यात चाळीस हजार ईमेल येऊन पडले.

कुठल्याशा हॉस्पिटलातला औषधांचा फ्रीज कळवायचा, माझं तापमान वाढलंय. कुठल्याशा शाळेतून यायचं, तुमचा मुलगा आज गैरहजर आहे. पिझ्झे निघायचे, हॉटेलच्या खोल्या राखून ठेवल्या जायच्या, धोक्याच्या घंटा वाजायच्या, आणि हे सगळं आमच्या अंगणात. मागोमाग जगभरचे भामटे गोळ्या आणि लॉटऱ्या घेऊन आले. धम्मदीपने दोनशे कंपन्यांना पत्रं लिहिली की बाबांनो, तुमचं टपाल चुकून माझ्याकडे येतंय. तिघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने वकिलाची धमकी दिली.

मी शंभर वेळा म्हटलं, विकून टाक ते. तो ऐकायचा नाही. पण त्याचा एक नियम होता: दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही. सात दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जायचं. मागे फक्त यादीतली एक ओळ उरायची, कुठल्या पत्त्यावर, कुणाकडून, कोणत्या तारखेला. कंपनीचे रिपोर्टही असेच न उघडता येत गेले आणि पुसले गेले. पण हे सिद्ध कसं करायचं? मालक म्हणून नाव तर त्याचंच होतं.

वकील शोधावा की देवाला नवस बोलावा हे मला कळेना. दोन्हींवर माझा फारसा विश्वास नाही. मी प्रतिमाकाकूंना हाक मारली.

३

प्रतिमाकाकू आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. मूळच्या पुण्याच्या. वय अडुसष्ट, गुडघे बदललेले, जीभ मात्र मूळचीच. तीस वर्षं तेलशुद्धीकरण कारखान्यांत अपघातांची कारणं शोधायचं काम त्यांनी केलं. "आग विझली की सगळे जळलेलं बघतात, मी आधी न जळलेलं बघायचे," हे त्या सगळ्यांना सांगतात, न विचारणाऱ्यांनाही.

"रिपोर्ट नेमके कुठल्या पत्त्यावर गेले? नमुना?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"नाही काकू. सातसकाळ ॲट उजेडवर्ग."

"हे काय नवीन?"

धम्मदीपने समजावलं. नमुना हा नोट्समधला पत्ता. पण वर्गात प्रत्यक्ष बसणाऱ्यांना सरांनी सरावासाठी वेगळे पत्ते दिले होते, मशीनचा नंबर आणि बॅच मिळून. तीनदुपार, नऊसंध्याकाळ, असे. ते नोट्समध्ये कुठेच नव्हते.

"म्हणजे हे झेरॉक्सवाल्या पोरांचं काम नाही. हा पत्ता टाकणारा त्या वर्गात बसलेला आहे," काकू म्हणाल्या. "सात नंबरला सकाळी कोण बसायचं?"

धम्मदीपने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी," तो म्हणाला.

४

काकूंना चेव आला.

"यादी दाखव. टपाल नको, नुसती यादी."

त्याने घरचा लॅपटॉप उघडला आणि माऊस डावीकडे सरकवला. काकूंनी लगेच टोकलं, "डावखुरा आहेस?"

"नाही हो. सात नंबर भिंतीला चिकटून होतं. उजवीकडे माऊसला जागाच नव्हती. तीच सवय पडली."

"लग्नानंतर मी किती वेळा तो उजवीकडे ठेवला," मी म्हटलं. "माणूस बदलेल, हा माऊस बदलणार नाही."

काकू यादी बघत होत्या, मधेच कागदावर तारखा टिपत होत्या.

"कंपनीत हा पत्ता कोण टाकू शकतं?"

"टीमचा एकच लॉगिन आहे. तिघं वापरतो. मी, सलोनी आणि आमचा टीम लीड विवेक. ११ मार्चला दुपारी दोन चाळीसला पत्ता टाकलाय, एवढंच सिस्टीम सांगते."

"बारा मशीन. एका बॅचला पोरं किती?"

"चोवीस," तो म्हणाला. आणि चहा करतो म्हणून उठला.

धम्मदीप चहा करायला आपणहून कधीच उठत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. तो काहीतरी लपवतोय हे मला तेव्हा कळलं, आणि नोकरी जाण्यापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

५

सलोनी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या कॅफेत भेटली. मुंबईची, सव्वीस वर्षांची, कंत्राटावर. सँडविच घेतलं आणि तसंच ठेवलं.

"काकू, आय स्वेअर, हे उजेड वगैरे मला माहीतच नव्हतं. मी टेस्टला कंपनीचाच डमी ॲड्रेस टाकते. मला पण काढतील का हो?"

"११ मार्चला काय होतं, ते आठव."

तिने फोनवर कॅलेंडर बघितलं. "डेमो होता. मोठा क्लायंट. रिपोर्ट कुणाला पाठवायचा तो बॉक्स ब्लँक राहिला होता, सिस्टीम पुढेच जाईना. सगळे बघत बसलेले यार, इतकं एम्बॅरसिंग! मग पटकन काहीतरी टाइप केलं आणि गाडी पुढे गेली. नंतर काढायचं राहिलं असणार."

"टाइप कुणी केलं?"

"मी समोर बसून मिनिट्स लिहीत होते. लॅपटॉपमागे धम्मदीप सर आणि विवेक सर, दोघं एकाच टेबलावर." तिने माझ्याकडे चोरून पाहिलं. "कीबोर्डवर कोण होतं ते मला खरंच नाही दिसलं."

गाडीत बसल्यावर मी काकूंना म्हटलं, "म्हणजे चोरी नाही, चूक आहे."

"चूक आहेच. पण कंपनीला माणूस लागतो," काकू म्हणाल्या. "आणि जो माणूस चूक केली म्हणून सांगत नाही, त्याला ते चोरच म्हणणार. तुझा नवरा 'मी टाइप केलं नाही' म्हणतो. 'कुणी केलं' ते म्हणत नाही. शेजारीच तर बसला होता."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

६

विवेक २०१२ पासून शुगर लँडमध्ये आहे. अमेरिकन नागरिक. महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे, नाटकाचे पडदे ओढण्यापासून भाषणापर्यंत. बुधवारी तो घरून काम करत होता. आम्ही न सांगता गेलो.

"रोशनी मॅडम, आय ॲम सो सॉरी अबाउट ऑल धिस," तो म्हणाला. एसी गारठून टाकत होता आणि याच्या कपाळावर घाम. "मी एचआरला सांगितलंय, धम्मदीप चांगला माणूस आहे."

"उजेडवर्ग माहीत आहे तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"नोट्समुळे नाव ऐकलंय. पण मी पुण्यात शिकलो. तसल्या क्लासला मी कशाला जाईन?"

'तसल्या' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी काही बोलणार तेवढ्यात काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"व्हिसाचा एखादा वकील सुचवाल का? लिहूनच द्या, माझ्या लक्षात राहत नाही."

त्याने उजव्या हाताने नाव लिहिलं. मग नंबर शोधायला जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे वळला. टेबल चांगलं आठ माणसांचं, उजवीकडे मोकळंच मोकळं. माऊस डावीकडे होता, आणि त्याचा डावा हात न बघता बरोबर त्यावर गेला.

मी काकूंकडे पाहिलं नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंबराची चिठ्ठी घेतली आणि आम्ही निघालो.

७

काकूंनी गाडी तिथून पुढे नेऊन एका झाडाखाली थांबवली.

"बारा मशीन, चोवीस पोरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे एका बाकावर दोघं. सातसकाळ हा पत्ता दोघांचा होता. मी विचारलं तेव्हा धम्मदीपने निम्मंच उत्तर दिलं आणि चहा करायला पळाला. आता यादी. सातसकाळच्या नावे २०१७ साली, अगदी पहिल्याच आठवड्यात, कुठून टपाल आलंय? शुगर लँडच्या टायरच्या दुकानातून आणि इथल्याच बेकरीतून. दुकानदार ईमेल मागतात. द्यायचा नसला की हा गृहस्थ वर्गातला पत्ता देतो. तो कुठेच जात नाही, असं त्याला वाटतं. धम्मदीपने विकत घेतलाय हे त्याला कुठे माहीत! आणि २०१७ मध्ये धम्मदीप कुठे होता?"

"पुण्यात. आम्ही २०२० ला आलो."

"मग सात नंबरचा दुसरा माणूस तेव्हाच इथे होता. तिघांतला इतका जुना एकच. भिंतीकडच्या मशीनवर शिकलेला, उजव्या हाताने लिहिणारा आणि डावीकडे माऊस ठेवणारा."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट संतापाने कानशिलं तापली. "मग तो बोलत का नाही? नागरिक आहे, त्याला कोण हाकलणार? फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील!"

काकूंनी गाडीचं इंजिन बंद केलं.

"तो आडनाव लावत नाही. वडिलांचं नावच आडनाव म्हणून लावतो," त्या म्हणाल्या. "मंडळात मी त्याला तीनदा विचारलं होतं, मूळ आडनाव काय हो तुमचं. तिन्ही वेळा त्याने विषय बदलला. उजेडवर्ग कुठल्या वस्तीत होता हे सांगितलं असतं, तर ते उत्तर आपोआपच मिळालं असतं." मग हळूच म्हणाल्या, "मी कशाला विचारत होते गं?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली.

८

घरी गेल्यावर मी धम्मदीपसमोर उभी राहिले. "विवेक तुझा बाकावरचा जोडीदार होता."

तो चकित झाला नाही. दमल्यासारखा खुर्चीत बसला.

"सहा महिने एका डब्यातून जेवलो आम्ही. इथे ऑफिसात पहिल्या दिवशी त्याने हात पुढे केला, म्हणाला, नाइस टू मीट यू. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मी पण म्हटलं, नाइस टू मीट यू. तेव्हापासून तसंच चाललंय."

"आणि डेमोच्या दिवशी?"

"त्यानेच टाइप केलं. मी पाहिलं नाही, दुसरीकडे बघत होतो. पण हा पत्ता दुसऱ्या कुणाच्या बोटांत नाही."

"मग सांग ना कंपनीला!"

"यादी देतो. नाव नाही देणार. कळल्यावर लोक कसे बघायला लागतात ते आपण दोघांनी भोगलंय, रोशनी. त्याचं त्याने सांगायचं. मी सांगितलं तर ते त्याला उघडं पाडणं होईल."

"आणि सई? तिची शाळा, तिच्या मैत्रिणी?" मी किंचाळलेच. "कुणाच्या तरी लपवाछपवीसाठी माझ्या पोरीने घर सोडायचं?"

त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच वेळी तो इतका आवडला, की मी उठून गेले.

गुरुवारी दुपारी मी एकटीच विवेकच्या दारात गेले. आत गेले नाही.

"आम्हाला कळलंय," मी म्हणाले. "उद्या आम्ही तुमचं नाव घेणार नाही. मी घेतलं असतं, पण धम्मदीप घेऊ देत नाही. एवढंच सांगायचं होतं."

तो पांढराफटक पडला. त्याने दार लावून घेतलं.

९

शुक्रवारी मी आणि काकू ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. एसी चालू होता तरी पाठ भिजली होती. दहाचे साडेदहा झाले, अकरा झाले. काकूंनी दोनदा पाणी दिलं. मी मनातल्या मनात सामान बांधत होते. काय न्यायचं, काय वाटून टाकायचं, सईला कसं सांगायचं.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना धम्मदीप बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र होतं. मी गाडीतून उतरले आणि तिथेच, भर उन्हात, हुंदके देत रडले.

"यादी काढायची वेळच आली नाही," तो म्हणाला. "मी फाइल उघडणार तेवढ्यात विवेक उभा राहिला. म्हणाला, तो पत्ता मी टाइप केला. मी आणि धम्मदीप नागपूरला आमच्या वस्तीत एका बाकावर शिकलो, तिथलाच हा पत्ता आहे. सलोनीसमोर, सगळ्यांसमोर म्हणाला."

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग काही नाही. अमेरिकन मॅनेजरने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तिला त्यात काय कळणार? विवेकची लीडशिप काढलीय. माझ्याविरुद्ध काही नाही."

तेरा वर्षं ज्या वाक्याला विवेक घाबरत होता, ते बोलायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. काकूंनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात विवेक एकटाच उभा होता. हातात काही नाही, फोनसुद्धा नाही. बुधवारपासून मी त्याच्यासाठी किती वाक्यं तयार करून ठेवली होती, एकेक धारदार. त्याने नुसतं सॉरी म्हटलं असतं, तर सगळी ऐकवली असती.

त्याने दोन्ही हात जोडले. म्हणाला,

"जय भीम, वहिनी."

राग तसाच होता, आणि तो अजून काही महिने राहणार हेही मला ठाऊक होतं. पण कुणी असं म्हटल्यावर गप्प राहायला मला लहानपणापासून कुणी शिकवलंच नव्हतं.

"जय भीम," मी म्हणाले, आणि दार उघडं ठेवून धम्मदीपला हाक मारली.